पुलावरचा तिसरा नंबर

लिमोन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने आल्डिथच्या डोळ्यांत औषध घातलं, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा असं सगळं करून झालं, आणि मग हात पुसत तो म्हणाला, "बाई, एकसष्टाव्या वर्षी इतके स्वच्छ डोळे मी फार कमी पाहिलेत."

आल्डिथचं तोंड पडलं.

"मोतीबिंदू नाही? थोडासुद्धा?"

"नाही."

"नीट बघितलंत ना?"

डॉक्टर हसला. नीट बघा असं त्याला पुष्कळजण सांगत, पण ते काहीतरी निघेल या धास्तीने. ही बाई काहीच निघालं नाही म्हणून खट्टू झाली होती.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. औषधामुळे उजेड टोचत होता, म्हणून तिने डोळे मिटून डोकं काचेला टेकलं. तासाभराचा रस्ता, एका अंगाला समुद्र. तो बघायची तिला गरजही नव्हती आणि इच्छाही नव्हती. घरी व्हर्नाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

व्हर्ना तिची धाकटी बहीण. दोघी एकाच लाकडी घरात राहत. व्हर्ना मनुका आणि मसाला घातलेला काळपट गोड पाव भाजायची आणि व्हरांड्यात टेबल मांडून विकायची. आल्डिथ आत आली तेव्हा ती कोपरापर्यंत पिठात होती.

"कापायला कधी बोलावलंय?"

"कापायला काही नाहीये."

"म्हणजे?"

"डोळे चांगले आहेत म्हणाला. तरण्या पोरीसारखे."

व्हर्नाने हात पिठातून काढले आणि ती स्टुलावर बसली. गेले चार दिवस दोघी बहिणींनी मोतीबिंदू आहे असंच धरून ठेवलं होतं. मोतीबिंदूचं बरं असतं. गावात निम्म्या म्हाताऱ्यांना तो झालेला. लिमोनला जायचं, कापून घ्यायचं, पंधरा दिवस काळा चष्मा लावून फिरायचं, की माणूस पुन्हा होता तसा.

"डोळे चांगले आहेत, मग तू वाळवीच्या घराला स्लॉथ कसं काय म्हणालीस गं?"

आल्डिथने बूट काढले. पाय सुजले होते.

"मी बघितलंच नव्हतं, व्हर्ना. दुर्बीण लावली आणि सांगून टाकलं."

गावची शेवटची गल्ली जिथे संपते तिथे ओढ्यावर एक लहानसा लाकडी पूल आहे. पुलापलीकडे पार्क, म्हणजे सरकारने राखलेलं जंगल. एका हाताला जंगल, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधून पायवाट. पुलाच्या अलीकडे बदामाचं मोठं झाड आहे, त्याखाली गावचे आठ गाइड बसतात. सकाळी सातपासून पाहुणे येतात, त्यांना ज्याचा त्याचा नंबर लागतो. नंबरांची वही एग्बर्टकडे. एग्बर्ट चौऱ्याहत्तर वर्षांचा, आता स्वतः आत जात नाही, खुर्ची टाकून वही सांभाळतो. पहिले तीन नंबर म्हणजे दिवसाच्या दोन फेऱ्या पक्क्या, हंगामात तीनसुद्धा. आल्डिथचा नंबर तिसरा होता. पावाचे पैसे पिठातच परत जायचे. दोघींचं घर चालायचं ते या तिसऱ्या नंबरावर.

हे जंगल पार्क होण्याआधी तिथे तिच्या वडिलांची नारळाची बाग होती. आठ वर्षांची आल्डिथ पडलेले नारळ गोळा करायची. वडिलांनी तिला एकच गोष्ट बजावलेली, नारळाला हात घालण्याआधी त्याच्या भोवती बघ. तिथला पिवळा साप बोटाएवढा जाड, पण नको त्याची गाठ. तेव्हापासून तिची नजर आधी जायची आणि हात मागून. पुढे सरकारने पार्क केलं, बाग गेली, वडील होडी घेऊन मासेमारीला लागले आणि पुन्हा कधी म्हणून त्यांनी तो पूल ओलांडला नाही. आल्डिथचा नवरा पनामाच्या बोटीवर गेला तो तिकडचाच झाला. चौतिसाव्या वर्षी तिने गळ्यात गाइडचं कार्ड अडकवलं आणि दुर्बिणीची तिपाई खांद्यावर घेतली. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती. उजव्या खांद्यावर तिपाईचा घट्टा पडला होता, डाव्यापेक्षा तो खांदा बोटभर खाली गेला होता.

पहिल्या वर्षांत ती घरी येऊन व्हर्नाला सगळं सांगायची, आज काय दिसलं, कुठे दिसलं, पिल्लू कसं बिलगलं होतं. मग सांगणं कमी झालं. मग पाहुण्यांच्या हातात फोन आले. आता कोणी दुर्बिणीला डोळा लावत नाही, फोन पुढे करतात. गाइडने तो काचेला धरायचा आणि फोटो काढून द्यायचा. पाहुणे फोनमध्ये बघून "वा!" म्हणतात. दिसलं तरी वा, नाही दिसलं तरी वा. दिसलं नाही असं म्हणायला माणसाला लाज वाटते, हे आल्डिथच्या फार लवकर लक्षात आलं होतं.

आणि स्लॉथ तर काय, फांदीला लटकून झोपणारं जनावर, त्याला इथली माणसं सरळ आळशीच म्हणतात. एका झाडावर चार-चार दिवस मुक्काम. सकाळी बदामाखाली गाइड एकमेकांना सांगतात, वळणावरच्या झाडाला, तिसऱ्या फाट्याशी. तेवढं ऐकलं की आल्डिथला पुरे व्हायचं. त्या जागी गेल्यावर तिपाई उघडायची, दुर्बीण अंदाजाने वर करायची, "तो बघा, तपकिरी गोळा," की पाहुणे खूश. तोंडाने माहिती चालू, मनात मात्र घरी गेल्यावर पाय गरम पाण्यात कधी टाकते हेच. चारेक वर्षं हे असं चाललं होतं. बहुतेक वेळा स्लॉथ खरोखर तिथे असायचा, त्यामुळे निभावून जायचं.

त्या दिवशी तिसरी फेरी होती. सहा पाहुणे. पाच जणांचे फोटो काढून झाले. त्यातल्या एकाला तर तो गोळा हसतोय असंही दिसलं. सहावी बाई सत्तरीची, बुटकी, डोक्याला रुमाल बांधलेली. कार्तागोहून आलेल्या निवृत्त शिक्षिका, डोन्या मिरेया, म्हणजे मिरेयाबाई. त्यांनी फोन नाही, डोळाच लावला. आणि बराच वेळ लावला.

"मला दिसत नाही."

"बरोबर मध्ये बघा, डोन्या मिरेया. तपकिरी गोळा."

"गोळा दिसतोय. स्लॉथ दिसत नाही." मग त्या ताठ झाल्या. "बाई, ही वाळवी आहे. आमच्या वडिलांच्या कॉफीच्या मळ्यात असली पन्नास घरं होती."

दुसरा कोणीही गाइड असता तर म्हणाला असता, अरेरे, आत्ता होता, फांदीमागे सरकला. आल्डिथलाही ते येत होतं. पण तेवढं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने वाकून दुर्बिणीतून पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"हो," ती म्हणाली. "वाळवीच आहे."

पाच जणांनी आपापले फोटो पुसले. परत आल्यावर त्यांनी एग्बर्टजवळ कुरकुर केली, आणि संध्याकाळपर्यंत बदामाखालच्या आठही जणांना कळलं की मिस आल्डिथ वाळवी दाखवते.

त्यावर मंडळींनी ठरवलं ते मागून चालायचं.

मागून चालणं हा बदामाखालचा जुना रिवाज. नवा गाइड आला की जुन्यांपैकी एकजण त्याच्या मागून पंधरा पावलांवर चालतो, तोंडातून अक्षर काढत नाही. नव्याकडून जे जनावर सुटेल त्याचा एक शिंपला वाटेवरून उचलून खिशात टाकतो. परत आल्यावर पुलाच्या कठड्यावर खिसा रिकामा करायचा. पाचपर्यंत माफ. सहावा शिंपला पडला तर वहीत नाव नाही. वर्षाने पुन्हा यायचं. आजवर हा रिवाज नव्यांसाठी होता. सत्तावीस वर्षं झालेल्या बाईच्या मागून कोणी चाललेलं नव्हतं.

"मी नाही जात," फिट्झरॉय म्हणाला. हा चाळिशीचा गाइड, आल्डिथच्याच हाताखाली तयार झालेला. "एग्बर्टकाका, दुसऱ्या कोणाला पाठवा. मिस आल्डिथने मला शिकवलंय."

"म्हणूनच तू. तिची नजर कुठे कुठे जाते ते तुलाच ठाऊक."

"मला लाज वाटते."

"तिलाही वाटत असेल. जा."

आल्डिथने चार दिवसांची मुदत मागून घेतली, डोळे दाखवून येते म्हणाली. आता डोळेही दाखवून झाले होते.

शनिवारी सकाळी ती बदामाखाली आली तेव्हा डोन्या मिरेया एग्बर्टच्या खुर्चीपुढे उभ्या होत्या. शाळेतल्या मास्तरीणबाई फळ्यापुढे उभ्या राहतात तशा.

"मला तीच बाई हवी."

"डोन्या, नंबराप्रमाणे आज आधी—"

"नंबर मला नका सांगू. मी आठवडाभर इथे आहे, तीन गाइड करून पाहिले. सगळ्यांची जनावरं आत्ताच फांदीमागे गेलेली असतात. हिचं एकटीचं वाळवीचं घर होतं तिथेच राहिलं."

बदामाखाली हशा पिकला. आल्डिथलासुद्धा हसू आलं. त्यांच्याबरोबर सान होसेचं एक नवं लग्न झालेलं जोडपं दिलं आणि चौघं पूल ओलांडून आत शिरली. मागून पंधरा पावलांवर फिट्झरॉय, मान खाली घालून. त्याच्या पाठीला पिशवी होती आणि अंगात मोठ्या खिशांची पँट.

सप्टेंबरात इकडचा समुद्र तळ्यासारखा होतो. लाट अशी येतच नाही, पाणी नुसतं वाळूवर सरकतं आणि मागे जातं. आल्डिथने पहिल्या पन्नास पावलांत बोंबलणारी माकडं दाखवली, नर, दोन माद्या आणि पाठीवर पोर. ओढ्याकाठी सरडा दाखवला, पाण्यावरून धावणारा. नवऱ्या मुलाने विचारलं, "हा चावतो का?" बायको म्हणाली, "तू त्याला विचार ना, माझ्याशी तरी कुठे बोलतोस सकाळपासून."

"मला दिसत नाही," डोन्या मिरेया म्हणायच्या, आणि मग दिसलं की, "हां. आता दिसला."

आल्डिथने ठरवलं होतं, आज प्रत्येक खोड, प्रत्येक फांदी बघायची. पण इतकं ठरवून बघायला लागल्यावर तिला भलतंच ऐकू यायला लागलं. मागे फिट्झरॉयचा गुडघा कटकन वाजायचा, म्हणजे तो वाकला. मग खिशात टक् असा आवाज. एक. काय सुटलं? ती मागे वळून बघू शकत नव्हती. पुढे खोडावर एका सरळ रांगेत चिकटून बसलेली वटवाघळं तिला दिसली, ती तिने दाखवली, आणि ती दाखवत असतानाच पुन्हा गुडघा. दोन. जंगलाऐवजी ती आता फिट्झरॉयचा गुडघाच ऐकत चालली होती. तिसरा शिंपला स्लॉथचा असणार, कारण माहीत असलेल्या चार झाडांपैकी एकावरून तिची नजर घसरली होती, आणि ते तिला वीस पावलं पुढे आल्यावर कळलं. तेव्हा मागे फिरता येत नाही. रिवाजच तसा.

वाटेवर लागणाऱ्या दुसऱ्या किनाऱ्यापाशी पोहोचेपर्यंत चार झाले. तिची पाठ भरून आली होती, मानेत कळ.

"बसू या," डोन्या मिरेया म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता वाळूतल्या ओंडक्यावर बसून त्यांनी बूट काढले. जोडपं पाण्यात गेलं. फिट्झरॉय बराच लांब, एका खोडाला टेकून उभा राहिला.

आल्डिथ पाहुण्यांच्या पिशव्यांजवळ उभी राहिली. किनाऱ्यावर गाइडचं काम तेच. रॅकून, मांजराएवढं चोरटं जनावर, आणि पांढऱ्या तोंडाची माकडं पिशव्यांची चेन उघडायला शिकलेली. पाहुण्यांनी पोहायचं आणि गाइडने पिशव्या राखायच्या.

"तो मागचा माणूस कोण?" डोन्या मिरेयांनी विचारलं. "मी काही आंधळी नाही."

आल्डिथने सांगून टाकलं. शिंपले, सहावा, नंबर, सगळं.

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कसं? वाळवी तुम्ही नव्हती दाखवली."

डोन्या मिरेया पायाने वाळू उकरत राहिल्या.

"मी चौतीस वर्षं तिसरीला शिकवलं," त्या म्हणाल्या. "शेवटची पाच वर्षं वह्या वाचल्याच नाहीत. पान उलटायचं, खूण करायची, पान उलटायचं, खूण करायची. एकदा एका पोरीने गाईवरच्या निबंधात मधेच लिहिलं, बाई, तुम्ही हे वाचत नाही मला माहीत आहे. त्यालाही मी बरोबरची खूण केली."

"मग कळलं कसं?"

"तिच्या आईने आणून दाखवली वही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणाले, शुद्धलेखन चांगलं आहे मुलीचं."

आल्डिथ इतकी हसली की तिला ओंडक्यावर बसावं लागलं. लांब उभा असलेला फिट्झरॉय चमकून बघायला लागला.

"कंटाळा आला होता का?" थोड्या वेळाने आल्डिथने विचारलं.

"कंटाळा नाही हो. पोरं आवडायची मला शेवटपर्यंत. थकले होते. थकले म्हणून कोणाला सांगायची सोयच नव्हती, एवढंच. डॉक्टरकडे जावं तर तो म्हणतो सगळं ठणठणीत."

समोर ती नवी नवरी नवऱ्याच्या तोंडावर पाणी उडवत होती.

"तुम्ही जाता का पोहायला?" डोन्या मिरेयांनी विचारलं.

"मी? पिशव्या कोण राखणार?"

"किती वर्षं राखताय?"

"सत्तावीस."

"जा. मी बसते. रॅकून आला तर त्याला कोपऱ्यात उभा करते."

आल्डिथने एकदा फिट्झरॉयकडे पाहिलं. मग कार्ड गळ्यातून काढून तिपाईला अडकवलं, आणि गुडघ्यापर्यंतच्या पँटसकट, सदऱ्यासकट ती पाण्यात शिरली. पाणी कोमट होतं, कोणीतरी मुद्दाम पायांसाठी तापवून ठेवावं तसं. कमरेपर्यंत गेल्यावर तिने अंग सोडून दिलं. कान पाण्याखाली गेले. गुडघ्याचा आवाज नाही, खिशाचा नाही, "वा" नाही. खाली गेलेला खांदा पाण्याने उचलून धरला. तिने डोळे मिटले आणि मिटलेच ठेवले. जंगल तिकडे होतं, असू दे.

आरडाओरडा ऐकून ती उठली. पिशव्या जागच्या जागी होत्या, डोन्या मिरेया त्यांच्यावर एकेक पाय ठेवून बसल्या होत्या. रॅकूनने उघडली होती ती फिट्झरॉयची पिशवी, त्याच्या पायाशी ठेवलेली. तो ओरडत मागे पळत होता, रॅकून कागदात गुंडाळलेला व्हर्नाचा पाव तोंडात धरून झुडपात.

"फिट्झरॉय!" आल्डिथ पाण्यातून ओरडली. "हा तुझ्याकडून सुटला! हा शिंपला कोणाच्या खिशात?"

मागून चालणाऱ्याने बोलायचं नसतं. फिट्झरॉयने फक्त दोन्ही हात वर केले.

परतीच्या वाटेला ऊन वर आलं होतं. ओले कपडे अंगाला चिकटत होते, बुटांत वाळू गेली होती, आणि आल्डिथला अशी झोप येत होती की वाटेतच आडवं व्हावं. ती सावकाश चालत राहिली. शोधायचं तिने सोडून दिलं होतं. कुठलीशी फांदी आडवी आली तेव्हा मागे गुडघा वाजला आणि खिशात टक् झालं. पाच झाले हे तिने ऐकलं आणि त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही.

आणि मग, वाटेपासून चार-पाच हात आत, पडक्या नारळाच्या झावळीच्या देठावर, तिला पिवळा साप दिसला. वेटोळं घातलेला, पिकल्या लिंबाच्या सालीसारखा. डोळ्यांवर पापण्यांसारख्या दोन शिंगोट्या. त्याच्या एका वळणावर सकाळच्या दवाचा थेंब अजून तसाच होता. तिने शोधला नव्हता. नुसती नजर गेली आणि तो होता. तिची चाल हळू झाली. तिपाई खांद्यावरून उतरवायची, तीन पाय उघडायचे, स्क्रू आवळायचे, फोन धरायचे, माहिती सांगायची. जोडपं पुढे गेलं होतं. डोन्या मिरेया धापा टाकत होत्या. साप वाटेपासून दूर होता, कोणाचा पाय पडेल अशी भीती नव्हती. कितीतरी वर्षांनी तिला एखादं जनावर नुसतं बघावंसं वाटलं. तिने बघितलं, आणि ती पुढे चालू लागली.

मागे गुडघा वाजला नाही. फिट्झरॉयला तो दिसलाच नव्हता.

पुलावर मंडळी जमली होती. एग्बर्टने वही मांडीवर घेतली. फिट्झरॉयने खिसा उलटा केला. कठड्यावर शिंपले पडले. एग्बर्टने काठीच्या टोकाने एकेक बाजूला सारला.

"पाच."

बदामाखाली एकदम सगळे बोलायला लागले. कोणीतरी आल्डिथच्या पाठीवर थाप मारली. "उगाच घाबरवलंत म्हातारीला!" फिट्झरॉयचा चेहरा असा फुलला की त्याला पावाचंही दुःख उरलं नाही. "पाच म्हणजे पाचच हं, काका. मी एकही लपवला नाही, आईशप्पथ. खिसा बघा."

एग्बर्टने पेनचं टोपण काढलं. तिसऱ्या नंबरापुढे बरोबरची खूण करायची, एवढंच उरलं होतं.

आल्डिथ कठड्यापाशी उभी होती. ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. तिने त्या पेनकडे पाहिलं. खूण झाली की दुपारी दोनची फेरी, मग उद्या सात वाजता, मग परवा. वळणावरचं झाड, तिसरा फाटा, तो बघा तपकिरी गोळा. ती वाकली, पुलाच्या तोंडाशी वाळूत पडलेला एक शिंपला उचलला आणि पाचांच्या शेजारी ठेवला.

"हा कसला?" एग्बर्टने विचारलं.

"पिवळ्या सापाचा. दुसऱ्या किनाऱ्याकडून येताना, पडक्या झावळीवर. दाखवला नाही."

"दिसला नाही?"

"दिसला. चांगला दिसला. दाखवला नाही."

"मग शिंपला कसला?" फिट्झरॉय तटकन म्हणाला. "न दिसलेल्याचा शिंपला असतो, मिस आल्डिथ. दिसलेल्याचा कुठून आला? असा नियमच नाही."

"बरोबर बोलतोय तो," दोघंतिघं म्हणाले. "बाईला दिसलं म्हणजे नजर शाबूत आहे. उलट एक वजा करा!"

"पाहुणे कशाला येतात इथे?" आल्डिथने विचारलं. "मी बघावं म्हणून?"

एग्बर्टने पेन वहीवरून उचललं.

"का नाही दाखवलास?" एग्बर्टने हळू विचारलं.

"तिपाई उघडायची होती," ती म्हणाली. "थकले होते." ते खरंच होतं. उरलेलं जे होतं ते तिला पुलावर उभं राहून आठ जणांना सांगता आलं नसतं.

डोन्या मिरेया मधे पडल्या. "पाहुणी मी आहे. माझी काही तक्रार नाही. मला तो साप बघायचाच नव्हता, मला सापांची किळस येते."

"डोन्या, तुम्ही बसा," एग्बर्ट म्हणाला, पण नरमाईने. तो बराच वेळ त्या सहा शिंपल्यांकडे बघत राहिला. आल्डिथ पहिल्यांदा आत गेली तेव्हा तिच्या मागून तोच चालला होता. "तू सांगशील तसं, आल्डिथ. हा शिंपला तू उचललास तर मी काहीच पाहिलं नाही."

तिने उचलला नाही.

एग्बर्टने तिसऱ्या नंबरावर आडवी रेघ मारली. "वर्षभर," तो म्हणाला. "पुढच्या सप्टेंबरात परत यायचं असेल तर सांग. मागून चालायला मी स्वतः येईन, काठी घेऊन."

"बघू," आल्डिथ म्हणाली.

फिट्झरॉयने तिची तिपाई उचलली आणि न विचारता घरापर्यंत आणून दिली. वाटभर तो एकच बोलत होता, "काय गरज होती, मिस आल्डिथ? काय गरज होती?" घराच्या पायरीशी तिने त्याला थांबवलं, आतून एक पाव आणला आणि हातात दिला. "रॅकूनला देऊ नकोस," म्हणाली.

व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं. आधी रागावली, मग रडली, मग हिशेब करत बसली की रोज बाराऐवजी वीस पाव केले तर, आणि पुलाशी टेबल नेलं तर. आल्डिथ "हो, हो" करत गेली. पाय गरम पाण्यात होते.

"तू ऐकतेयस का?"

"वीस पाव," आल्डिथ म्हणाली. "मी मळीन. पण सोमवारपासून."

"आणि उद्या?"

"उद्या रविवार."

"रविवारी तू कधी घरी राहिलीयस गं?"

सकाळी साडेचारला सवयीने तिचे डोळे उघडले. बाहेर अजून अंधारच होता. पार्कच्या बाजूने बोंबलणाऱ्या माकडांनी सुरुवात केली. ओढ्यापलीकडचा कळप, मोठ्या अंजिराच्या झाडावर, आणि त्यात एक आवाज नवा होता, नुकता फुटलेला, मध्येच चिरकणारा. त्या कळपातलं वयात आलेलं पोरगं नर होतं तर. तिने ते सगळं अंथरुणातूनच ऐकलं. कोणाला सांगायचं नव्हतं. व्हर्नाच्या खोलीतून घोरणं येत होतं. आल्डिथने खाली गेलेला खांदा वर करून कूस बदलली आणि उशी मानेखाली नीट घेतली. माकडं बोंबलत होती तोवर ती पुन्हा झोपलीसुद्धा.